जलपरीला गप्प राहायला कोणी सांगितले होते?

प्रश्न : ताई, माझे वय ४२ वर्षे आहे. ‘द लिटल मर्मेड’ या चित्रपटाची मी लहानपणी अक्षरशः पारायणे केली आहेत. त्यातली जलपरी राजपुत्रासाठी स्वतःचा आवाज देऊन टाकते, हे मला तेव्हा जगातले सर्वांत सुंदर प्रेम वाटत असे. लग्नानंतर पतीची बदली झाली, तेव्हा हिशेब तपासणीची चांगली नोकरी मी काहीही चर्चा न करता एका संध्याकाळीत सोडून दिली. आता अर्धवेळ कामाचा प्रस्ताव आला आहे. पण तीन आठवडे झाले तरी मी घरात त्याविषयी ब्र काढलेला नाही. मैत्रीण म्हणते, ‘तुझे नुकसान त्या चित्रपटानेच केले.’ माझी सात वर्षांची मुलगी मात्र तोच चित्रपट पाहण्याचा हट्ट धरून बसली आहे. तिला तो दाखवू, की जपून ठेवलेली कॅसेट टाकून देऊ?

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी तो चित्रपट पुन्हा एकदा पहिल्या दृश्यापासून पाहिला, कारण केवळ आठवणीवर विसंबून तुम्हाला उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. पाहताना लक्षात आले की तुमच्या मनात इतकी वर्षे जपलेला चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांत बरेच अंतर आहे.

जलपरी एरियल सोळा वर्षांची आहे. राजपुत्र एरिक तिच्या दृष्टीस पडण्याआधीच तिने बुडालेल्या जहाजांतून माणसांच्या वस्तू गोळा करून एक गुहा भरून टाकलेली असते, आणि पाण्याबाहेरच्या जगात जाण्याची तिची ओढ ज्या गाण्यातून व्यक्त होते, ते गाणेही एरिक तिला दिसण्याआधीचे आहे. म्हणजे तिची ओढ आधीची आहे आणि राजपुत्र नंतरचा. पुढे वडील संतापाच्या भरात ती गुहा उद्ध्वस्त करतात, आणि त्याच दुःखात ती समुद्रातल्या चेटकिणीकडे जाते. पुरुषांना बडबड आवडत नाही, गप्प बसणारीच त्यांना जिंकते, अशा अर्थाचे बोल चित्रपटात येतात ते याच ठिकाणी, आणि ते अर्सुला या चेटकिणीच्या तोंडी आहेत. तिला तो आवाज स्वतःसाठी हवा असतो.

एरिकने तो आवाज मागितलेलाच नव्हता. उलट, जहाज फुटल्यावर ज्या आवाजाने त्याला शुद्धीवर आणले, त्याच आवाजाच्या शोधात तो असतो. किनाऱ्यावर भेटलेल्या मुलीला बोलता येत नाही हे कळताच, ‘म्हणजे ही ती नव्हे’ असे मानून तो निराश होतो. पुढे तिचाच आवाज शिंपल्यात बंद करून गळ्यात घालून आलेल्या दुसऱ्याच स्त्रीशी तो लग्न करायला निघतो. तो शिंपला फुटून आवाज परत येतो, तेव्हाच त्याला खरी मुलगी ओळखता येते. ज्याच्यासाठी आवाज दिला, त्याला ती आवाजावाचून ओळखू आली नाही, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलीच्या ध्यानात राहणे कठीणच आहे. तिच्या ध्यानात राहते ते शेवटचे लग्न आणि त्यासाठी नायिकेने सोसलेले मौन.

हे सांगतानाच तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या भाषाशास्त्रज्ञांनी अशा राजकन्यांच्या चित्रपटांतील संवाद मोजले. १९५० च्या ‘सिंड्रेला’त सुमारे ६० टक्के बोलणे स्त्रियांच्या वाट्याला आले होते, १९८९ च्या तुमच्या जलपरीच्या चित्रपटात मात्र सुमारे ६८ टक्के बोलणे पुरुषांचे आहे. नायिका काही काळ मुकी असते एवढेच त्याचे कारण नाही. तिचे सोबती असलेले खेकडा, मासा आणि समुद्रपक्षी हे तिघेही पुरुषपात्रे आहेत. १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची पटकथा लिंडा वूल्व्हर्टन या लेखिकेची असूनही त्यात पुरुषांचे बोलणे सुमारे ७१ टक्के आहे. नायिका कितीही धीट असली तरी तिच्या भोवतालचे सारे जग पुरुषांच्याच आवाजात बोलत असेल, तर समोर बसलेल्या लहान मुलीच्या मनावर त्याचा काहीच ठसा उमटत नाही, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्याही मनात असा एक चित्रपट घर करून आहे. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या शेवटी अंथरुणात पडलेली नायिका डोरोथी कळकळीने सांगत असते की ती जिथे जाऊन आली ती ऑझ नावाची अद्भुत जागा खरी होती, आणि भोवतालची मोठी माणसे केवळ प्रेमाने हसतात. त्या हसण्याने मला लहानपणी रडू आले होते. पुष्कळ वर्षांनी कळले की १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मूळ पुस्तकात ऑझ खरोखरच आहे. त्याचे स्वप्न केले ते चित्रपटाने. स्त्रियांच्या पत्रांतला शब्द न् शब्द खरा मानूनच वाचायला मी बसते, याचे मूळ कदाचित त्या दृश्यात असेल. ज्या दृश्याने मला दुखावले, त्यानेच मला हे काम दिले. त्यामुळे कोणत्याही आवडत्या चित्रपटाला नुसते दोषी ठरवणे मला जमत नाही.

आता तुमच्या घराविषयी. मी तुमचे पत्र तीनदा वाचले, आणि त्यात तुमच्या पतींचे एकही वाक्य मला सापडले नाही. नोकरी सोड असे त्यांनी म्हटल्याचा उल्लेख नाही, अर्धवेळ कामाला ते विरोध करतील असे मानण्याजोगे कारणही तुम्ही दिलेले नाही. त्या संध्याकाळी कोणी न मागता तुम्ही आवाज देऊन टाकलात, आणि आजवर त्यांना त्या व्यवहाराची कदाचित कल्पनाही नसेल. ते काय म्हणतील हे मला ठाऊक नाही. ते नाराजही होतील, आणि तसे झाले तर पुढचे संभाषण अधिक अवघड असेल; पण तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून तुम्ही त्यांच्या वतीने जो नकार गृहीत धरला आहे, तो निदान त्यांच्या तोंडून तरी ऐका. प्रस्तावाचे पत्र त्यांच्या हातात द्या आणि ‘मला हे काम करायचे आहे’ या वाक्याने सुरुवात करा. ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न त्यानंतर विचारा, आधी नको.

मुलीला चित्रपट अवश्य दाखवा, आणि तिच्या शेजारी बसून तुम्हीही पाहा. दर पाच मिनिटांनी थांबवून तिला शहाणपण सांगत बसू नका. जेवणाच्या काट्याने केस विंचरणाऱ्या एरियलवर तिला पोटभर हसू द्या. चित्रपट संपल्यावर एवढेच विचारा, ‘एरियलला सगळ्यात आधी काय हवे होते?’ तिचे उत्तर काहीही असले तरी ते दुरुस्त करू नका. शिवाय त्याच १९८९ साली जपानमध्ये आलेला ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ हा हायाओ मियाझाकी यांचा चित्रपटही तिला दाखवा. त्यात तेरा वर्षांची एक चेटकीण घर सोडून परक्या शहरात राहते, सामान पोहोचवण्याचे काम करून पोट भरते, आणि मन खचल्यावर तिचे उडणेच बंद पडते. तेव्हा तिला आधार देणाऱ्या चित्रकार मैत्रिणीचे नावही अर्सुलाच आहे, हा योगायोग मला फार आवडतो. एकाच चित्रपटावर सारी भिस्त राहिली नाही, म्हणजे त्याच्यावर प्रेम करणेही सोपे जाते.

कॅसेट टाकू नका. फक्त ती लावण्याआधी पतींशी बोलून घ्या. चित्रपट ८३ मिनिटांचा आहे आणि मुलगी आणखी दोन दिवस सहज थांबेल; प्रस्ताव देणारे मात्र तीन आठवडे तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत.