पाच सूर येतात, पण रिफ वाजत नाही

या वेळी तिन्ही प्रश्न इलेक्ट्रिक गिटारचे आहेत. पहिल्याला जास्त जागा दिलीये, कारण तशाच अर्थाची पत्रं गेले कित्येक महिने येतायत.

प्रश्न : दादा नमस्कार. मी १९ वर्षांचा आहे, लालबागला राहतो. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली. ए मायनर पेंटाटोनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स (बोटं ठेवायचा ठरलेला आकार) पाठ झालाय, वर-खाली फास्ट वाजवतो, पण स्वतःची रॉक रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी छोटी चाल, बनवायला गेलो की ती रिफ वाटतच नाही, स्केल वाजवल्यासारखी वाटते. घरी आई पेटी वाजवते, ती म्हणते हे काय अलंकार घोटतोयस का. माझं नक्की काय चुकतंय?

उत्तर : अरे, आईने अगदी बरोबर ओळखलंय. आधी तिलाच पेटीवर बसव आणि काळी दोनचा सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सांग, म्हणजे काळी दोन, तीन, चार, पाच आणि वरची काळी एक. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. झालं की मायनर पेंटाटोनिक! आपल्याकडे हे धानी रागाचे सूर. आता त्याच पट्ट्या ठेवून सा काळी तीनवर नेला तर भूप ऐकू येईल. म्हणजे हे पाच सूर तू लहानपणापासून घरात ऐकतोयस, बॉक्स पाठ करून तू फक्त ते गिटारवर कुठे बसतात हे शिकलास, आणि ते झालंय. आता त्या बॉक्समध्ये अजून सहा महिने घालवू नकोस.

तुझं अडतंय ते लयीत. डीप पर्पल या बँडची ती १९७२ची ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ घे, सगळे जण पहिल्यांदा वाजवतात ती. तिची वरची चाल फक्त चार सुरांची आहे: सा, कोमल ग, म आणि एक क्षणभर लागून जाणारा तीव्र म. चार! पण त्यातला प्रत्येक सूर कधी लागतो आणि कधी सुटतो हे इतकं पक्कं आहे की नुसती टेबलावर बोटांनी ठोकली तरी लोक ओळखतात. तुझी रिफ टेबलावर ठोकून बघ, सगळे ठोके सारख्या अंतरावर आले तर आई म्हणते तेच खरं, तो अलंकार आहे.

म्हणून एक छोटी रिफ देतो, मुद्दाम सोपी. आईला केरवा माहीत असेलच, धागेनती नकधिन, आठ मात्रा, रॉकच्या एका बारमध्ये, म्हणजे एका आवर्तनात, पण अशा आठच मात्रा बसतात. जाड सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट हा आपला सा. पहिल्या मात्रेवर सा, दुसरीवर परत सा, तिसरीवर गप्प. चौथीवर त्याच तारेचा आठवा फ्रेट, पाचवीवर पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, सहावीवर गप्प, सातवीवर परत सहाव्या तारेचा आठवा, आठवीवर सा. दुसऱ्या बारमध्ये तेच सगळं, फक्त चौथ्या मात्रेवर पाचव्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे प घ्यायचा आणि सातव्या मात्रेवरचा आठवा फ्रेट किंचित, अगदी किंचित खेचायचा. जाडी तार खेचायची ती जमिनीच्या दिशेला बरं का, वर ढकललीस तर बोर्डाच्या कडेवरून घसरेल.

आता ती तिसरी मात्रा. साध्या रॉक ठेक्यात स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक वाजणारा ड्रम, पडतो तो नेमका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, आणि तू तिसरीवर गप्प बसलास की तो स्नेअर मोकळा ऐकू येतो, रिफला धक्का तिथून मिळतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. आमचा ड्रमर एकदा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, तू माझ्या स्नेअरवर बसतोयस रे, जरा जागा दे. त्या दिवसापासून मी रिफमधल्या गप्प मात्रा आधी ठरवतो आणि सूर नंतर.

पण गप्प म्हणजे खरंच गप्प हवं, तार मागे गुंजत राहिली तर ती मात्रा फुकट गेली. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलू नकोस, नुसता दाब सोड, बोट तारेला टेकलेलंच राहू दे आणि त्याच वेळी उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (गिटारच्या बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर येऊ दे. हा तळवा फार पुढे आला तर नुसता ठक ठक आवाज येतो, पार ब्रिजच्या मागे गेला तर काहीच दबत नाही, मधली जागा दोन-चार मिलिमीटरची असते आणि प्रत्येक गिटारवर वेगळी, ती शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल. आणि गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाटवणारं बटण, कमी कर! शिकणारी बहुतेक मुलं गेन दहावर ठेवतात, मग न वाजवलेल्या तारा पण ओरडतात आणि चूक कुठे होतेय तेच कळत नाही. पहिला आठवडा क्लीन आवाजावर वाजव, मग गेन चारपर्यंत ने.

स्पीडचं म्हणशील तर मेट्रोनोम साठवर ठेव, प्रत्येक टिकला दोन मात्रा, पायाने टिक धर आणि गिटार हातात घ्यायच्या आधी रिफ तोंडाने म्हण. डं डं, गप्प, डाँ डाँ, गप्प, डं डं. मी हे लोकलमध्ये करायचो, दादर ते ठाणे स्लो, खिडकी मिळाली नाही तरी मांडीवर बोटांनी ठोकत. तोंडाने नीट येत नाही तोवर हातात येत नाही. आईला केरव्याचा ठेका धरायला सांगितलास तर मेट्रोनोमपेक्षा मजा येईल, फक्त तिला सांग की तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर जरा जोरात टाळी दे.

हे बसलं की पाचव्या तारेचा सहावा फ्रेट घालून बघ, पाचवा आणि सातवा यांच्या मधला. तो तीव्र म, ब्लूजवाले त्याला ब्लू नोट म्हणतात. तिथे थांबायचं नाही, वाटेत शिवून पुढे जायचं. दोन बार नीट बसले की मला परत लिही, पुढे काय ते सांगेन.

प्रश्न : सर, मी ४६ वर्षांची आहे, गिरगावात जुन्या बिल्डिंगमध्ये राहते. मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याची गिटार मी वाजवायला घेतली. अँप लावला की सतत घूं असा आवाज येतो आणि कधी कधी तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. गिटार खराब आहे का?

उत्तर : ताई, आधी झिणझिण्यांचं, कारण ते महत्त्वाचं आहे. हे पत्र वाचताय त्या दिवसापासून अँप लावू नका. गिटारच्या तारा केबलमधून थेट अँपच्या धातूच्या बॉडीला जोडलेल्या असतात आणि ती बॉडी थ्री-पिन प्लगच्या मोठ्या पिनमधून अर्थला. सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा मध्ये टू-पिनवाला कन्व्हर्टर लावला असेल, तर बॉडीवर आलेला करंट जमिनीत जायच्याऐवजी तुमच्या हातातून जातो. लादीवर अनवाणी उभं राहिलं की जास्तच लागतो, पावसाळ्यात ओल असली की अजून. इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या वायरिंगमध्ये बरेचदा तिसऱ्या भोकात वायरच नसते. ते ठीक निघालं तर अँप दाखवून घ्या. तोवर अँपशिवायच वाजवा, शांत खोलीत बोटं बसवायला तेवढा आवाज पुरतो.

घूं आवाज वेगळा. आपली वीज ५० हर्ट्झची, गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारा, एकाच कॉइलचा भाग) असेल तर तो ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर सगळ्यांची गुणगुण उचलतो. अर्थिंगचं काम झालं की अँपपासून दोन पावलं लांब बसा आणि खुर्ची हळूहळू फिरवून बघा, एका कोनात आवाज बराच कमी होईल. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर ते नॉर्मल आहे, वाढत असेल तर गिटारची आतली वायरिंग दाखवा. गिटार टाकून देऊ नका. आणि ४६व्या वर्षी सुरू केलंत याचा मला फार आनंद झालाय, बोटांची टोकं तीन-चार आठवडे दुखतील, मग कडक होतात. नऊच्या गेजच्या पातळ तारा लावून घेतल्यात तर त्रास कमी होईल.

प्रश्न : वसईहून. पावसाळ्यात नवीन तारा पंधरा दिवसांत गंजतात, काय करू?

उत्तर : घाम आणि दमट हवा, दोन्ही. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने वरून आणि खालून पुसायची, खालची बाजू सगळे विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. गिटार भिंतीला टांगू नका, बंद बॅगमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या पुड्या दर जून-जुलैत बदला. कोटेड, म्हणजे पातळ आवरण दिलेल्या, तारा महाग पडतात पण समुद्राजवळ राहणाऱ्यांना परवडतात, कारण जास्त टिकतात. बोट सरकवताना तार खरखरीत लागली तर लगेच बदला, तशा तारेने फ्रेट पण झिजतात.