वाचकांचे प्रश्न : दिवसभर पुरणारा लॅपटॉप

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून ती जुळे सोलापुरातून सिटी बसने कॉलेजला जाते. वर्गात चार्जिंगची सोय नाही. तिच्यासाठी हलका आणि दिवसभर चालणारा लॅपटॉप कसा निवडावा? – एक पालक, सोलापूर

उत्तर : जाहिरातीत छापलेला ‘१८ तास’ हा आकडा बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून आणि सलग व्हिडिओ चालवून काढलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबण्यापेक्षा बॅटरीची क्षमता किती वॅट-तास आहे, हे तपशिलात पाहावे. लेखन-वाचनाला सरासरी ८ वॅट वीज लागते असे धरले, तर ५६ वॅट-तासांची बॅटरी सुमारे ७ तास पुरते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तीच बॅटरी निम्म्या वेळातही संपू शकते. दुकानदार तोच आग्रहाने दाखवतील, पण तो घेऊ नये.

पडदा १३ किंवा १४ इंची आणि वजन दीड किलोच्या आत असावे, कारण दप्तरात डबा, पाण्याची बाटली आणि वह्याही असतातच. टाइप-सी चार्जिंग असल्यास जड अडॅप्टर सोबत न्यावा लागत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर क्षीण होते. म्हणून लॅपटॉप उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये, आणि घरी तो सतत चार्जरला जोडलेला राहत असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी.