उभ्या गाडीचा खर्च

मागच्या खेपेला एका वाचकाने विचारलं होतं, की सुपरकारवाले गाडी चालवतात तरी कधी? मी चार ओळींत उत्तर दिलं आणि त्यानंतर याच विषयावरच्या पत्रांची रीघ लागली. आज त्यातलीच निवडक पत्रं घेतो. या गाड्यांच्या खाली मी बावीस वर्षं काढली, आधी दुबईत आणि आता पुण्यात. खाली लिहिलंय ते त्याच अनुभवातून.

आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये पिवळी लॅम्बोर्गिनी आहे. महिन्यातून एखाद-दोनदाच बाहेर निघते. एवढे पैसे ओतून माणूस गाडी उभी का ठेवतो? (मुलुंड)

रविवारी पहाटे साडेपाचला खाली उतरून बघा, बहुतेक दिसेल. मुंबई-पुण्यात या गाड्यांची हीच वेळ. उजाडायच्या आत निघायचं, एक्स्प्रेसवेने लोणावळ्यापर्यंत जायचं, चहा-नाश्ता करायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. माझ्याकडे सर्व्हिसला येणाऱ्या गाड्यांचं मीटर बघितलं तर वर्षाला हजार ते तीन हजार किलोमीटर हा नेहमीचा आकडा. पाच हजार करणारा मालक विरळा, आणि त्याची गाडी आली की मला मनापासून आनंद होतो. जून ते सप्टेंबर बहुतेक गाड्या कव्हरखालीच असतात.

हौस नसते असं अजिबात नाही. रस्ता सोसत नाही. गाडीचं नाक जमिनीपासून चार-पाच इंचांवर. नाक उचलायची सोय असते, पण बहुतेक गाड्यांत ते साधारण ४० मिलिमीटरच वर येतं. सोसायटीच्या गेटातला हाताने बनवलेला गतिरोधक त्याला दाद देत नाही. तिरकी घालून, एकेक चाक चढवून, शेजारी माणूस उभा करून गाडी पार करावी लागते. शिवाय इंजिन पाठीमागे, ट्रॅफिकमध्ये वारा नाही, पंखे सतत घोंघावतात. सिग्नलला थांबलं की दुचाक्या चारी बाजूंनी खेटतात, मोबाईल पुढे येतात, आरशाला हँडल लागतं. आणि एक्स्प्रेसवेवरसुद्धा सपाटीला कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, घाटात त्याहून कमी.

बाहेरदेशीही चित्र फार वेगळं नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिथे नोंदलेलं मीटर सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतं. जुन्या फेरारीचा नंबर टाकून बघा. दोन तपासण्यांमध्ये हजार मैलसुद्धा न झालेल्या गाड्या सहज सापडतील.

दुबईत २००२ची फेरारी ३६० मोडेना बघितली आहे. फक्त १४,००० किलोमीटर झालेत. म्हणजे गाडी जवळपास नवीच समजायची ना? (शारजा)

नाही. या पत्राला सगळ्यात मोठं उत्तर देतोय, कारण इथेच लोक फसतात.

या गाडीच्या व्ही-८ इंजिनात टायमिंग बेल्ट दोन असतात. दातेरी रबरी पट्टे, पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची फिरकी जुळवून ठेवणारे. तो तुटला किंवा दात सरकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह चाळीस आहेत. बेल्ट तीन ते पाच वर्षांनी बदलायचा असतो, गाडी चालो वा न चालो, कारण रबराला वय मीटरवर मोजता येत नाही. आधीच्या एफ-३५५मध्ये या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६०मध्ये सीटच्या मागचं पॅनल उघडून केबिनमधूनच हात जातो. पुढच्या एफ-४३०मध्ये बेल्टच्या जागी चेन आली, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरला नाही.

दुबईत असताना अशीच एक ३६० आमच्याकडे आली होती. बारा वर्षांत ९,००० किलोमीटर. रंग आरशासारखा, चामड्याला सुरकुती नाही. सीट काढल्या, पॅनल उघडलं, बॅटरीचा प्रकाश टाकला. बेल्ट वरून काळाभोर, ठाकठीक. उतरवून हातात घेतला आणि उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या, उन्हाने तडकलेल्या मातीत दिसतात तशा. मूळ कारखान्याचाच बेल्ट होता. मालक शेजारीच उभे होते. त्यांनी त्या भेगांवरून नख फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आदल्याच दिवशी ते गाडी आठ हजार आरपीएमपर्यंत नेऊन आले होते.

तेव्हा मीटर नंतर बघा, आधी फाईल मागा. बेल्ट शेवटचा कधी बदलला, त्याचं तारखेसह बिल. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं का, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, ‘३२१९’ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर ही गाडी पळवू नका. रबर कडक होतं आणि पावसाच्या पहिल्या थेंबाला मागचं चाक सुटतं.

आत बसल्यावर डॅशबोर्डवरच्या बटणांना बोट लावून बघा. त्या काळच्या फेरारींत प्लॅस्टिकवर मऊ लेप असायचा. उष्णतेने आणि वयाने तो वितळल्यासारखा होतो आणि बोटाला गुळाच्या पाकासारखा चिकटतो. आखातातल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. इंजिनाला त्याने काही होत नाही, पण सगळी बटणं काढून पुन्हा लेप द्यायचा तर हिशेबात धरा.

स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारा एफ-१ गिअरबॉक्स असेल तर क्लच किती झिजलाय याचा टक्का निदान-यंत्रावर येतो. त्याची प्रिंट घ्या. शहरात रांगत चालवलेल्या गाडीचा क्लच दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्येसुद्धा संपतो.

हे सगळं बघून मला विचाराल, तर १४,००० किलोमीटर आणि रिकामी फाईल यापेक्षा ४५,००० किलोमीटर आणि जाडजूड फाईल असलेली गाडी घ्या. एकदा नाही, शंभरदा घ्या.

सेकंडहँड लॅम्बोर्गिनी हुराकान घ्यायचा विचार आहे, किंमत अडीच कोटींच्या आसपास. वर्षाचा खर्च एकदा मांडून द्याल का? (पुणे)

माझ्या पद्धतीने मांडतो. भाव थोडे इकडेतिकडे होतील.

विमा साडेचार लाख धरा, त्यात इंजिन संरक्षण आणि झीज न कापणारं कव्हर घ्याच. वार्षिक सर्व्हिस तीन लाख. चार टायर तीन लाख. पेट्रोल शहर-हायवे मिळून लिटरला चार किलोमीटर आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा भाव लिटरला १६० रुपये.

आता वर्षाला २,००० किलोमीटर चालवलीत तर टायर झिजत नाहीत, पाचेक वर्षांनी वयामुळे जातात. म्हणजे वर्षाला साठ हजार. पेट्रोल ऐंशी हजार. बेरीज ८ लाख ९० हजार, किलोमीटरला ४४५ रुपये. तीच गाडी ५,००० किलोमीटर चालवलीत तर टायर दहा हजार किलोमीटरमध्ये संपतील, वर्षाला दीड लाख. पेट्रोल दोन लाख. बेरीज ११ लाख, किलोमीटरला २२० रुपये. चालवणं अडीचपट झालं आणि खर्च वाढला फक्त दोन लाख दहा हजारांनी. विमा कंपनी आणि वर्कशॉप तुम्ही गाडी किती चालवली हे विचारत नाहीत.

घसारा यात धरलेला नाही. अनपेक्षित कामासाठी पाच लाख वेगळे काढून ठेवा. कार्बन-सिरॅमिक ब्रेक रस्त्यावरच्या वापरात खूप वर्षं टिकतात, पण चाक काढताना निष्काळजी हाताने डिस्कच्या कडेला ठोकर दिली तर टवका उडतो, आणि चारही डिस्कचा खर्च दहा लाखांच्या वर जातो. पंक्चरवाल्याकडे या गाडीचं चाक कधीही उघडू देऊ नका.

गाडी परराज्यातल्या नंबरची असेल तर आणखी एक गोष्ट. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्रात नोंदणी करून कर भरावा लागतो. नव्या गाडीसाठी राज्याच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा जुलै २०२५पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो. सौदा ठरवण्याआधी आरटीओत आकडा काढून घ्या. गाडी पसंत पडल्यावर हा आकडा कळला की माणूस हताश होतो, मी पाहिलंय.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी असते. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. पुरेसं आहे का? (नाशिक)

हे बंद करा. पाच मिनिटांत इंजिनाचं पाणी कोमट होतं, तेल होत नाही. थंड इंजिनात जादा पेट्रोल जातं, ते तेलात उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरी जेवढी खर्च झाली तेवढी भरतसुद्धा नाही. उघडीप मिळाली की अर्धा-पाऊण तास चालवून आणा, नाहीतर गाडीला हातच लावू नका. बॅटरीला चार्ज टिकवून ठेवणारा मेंटेनर चार्जर जोडून ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, म्हणजे एकाच जागी चपटे होणार नाहीत. हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला धरतात. गिअर आणि चाकाला ठोकळा बास.

पेट्रोलचं मात्र नीट लक्षात घ्या. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि दमट हवेत महिनोन्महिने अर्धी टाकी ठेवली तर ते पाणी तळाशी वेगळं होऊ शकतं. उभी करण्याआधी टाकी काठोकाठ भरा, आत हवाच उरू देऊ नका. एरवीही बहुतेक अशा इंजिनांना किमान ९५ आणि शक्यतो ९८ ऑक्टेन लागतं. ई-२० येण्याआधी आपलं साधं पेट्रोल ९१चं होतं.

आणि उंदीर. हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी एका गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत कापसाचं घरटं, शेंगदाण्याची टरफलं आणि कुरतडलेल्या वायरिंगचा लाल-पिवळा भुसा. एका सेन्सरच्या वायरपायी वायरिंगचा पूर्ण जुडगा, म्हणजे हार्नेस, मागवावा लागला. तीन महिने गाडी लिफ्टवर. जवळ धान्य, कुत्र्याचं खाणं, कचऱ्याचा डबा काहीही ठेवू नका, सापळा लावा, आणि आठवड्यातून एकदा कव्हर काढून बॉनेटखाली टॉर्च मारून बघा.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. होंडाची जुनी एनएसएक्स घेऊन रोज चालवता येईल? (न्यू जर्सी)

एप्रिल ते नोव्हेंबर, बेलाशक. १९९०ला आलेली ही गाडी मुळातच रोजच्या वापरासाठी घडवली आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, क्लच हलका, एसी चांगला. बॉडी ॲल्युमिनियमची आहे म्हणून मिठाची भीती नाही असं मात्र समजू नका. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे खारं पाणी काम करतंच. टायमिंग बेल्ट हिलाही आहे, वर शारजाच्या वाचकांना लिहिलेलं सगळं लागू.

जास्त चालवली तर किंमत पडते म्हणून मित्र मला गाडी बाहेर काढू देत नाहीत. खरंच एवढा फरक पडतो का? (ठाणे)

गाडीवर अवलंबून. मिस्टर बीन म्हणून आपण ओळखतो त्या रोवन ॲटकिन्सन यांनी आपली मॅकलारेन एफ-१ जवळपास ४१,००० मैल चालवली, दोनदा ठोकली. २०११च्या अपघातानंतर दुरुस्तीचा विमा दावा ९ लाख १० हजार पौंडांचा होता. तरीही २०१५ला ती सुमारे ८० लाख पौंडांना गेली. पण तशा गाड्या जगात एकूण १०६ बनल्या. लॅम्बोर्गिनीच्या गयार्दो बनल्या १४,०२२. तिथे घेणाऱ्याला निवड असते, त्यामुळे किलोमीटरचा फरक पडतो.

माझं मत विचाराल तर मित्रांना गाडीत बसवा आणि महाबळेश्वरला जाऊन या. वर्षाला तीन हजार किलोमीटरने विकताना जे कमी मिळेल ते मी तरी नुकसान म्हणणार नाही.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय. या गाड्यांवर काम करायचं तर काय शिकू? (सातारा)

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. आधी मल्टीमीटर आणि वायरिंगचा नकाशा वाचायला शीक. या गाड्यांत निम्म्याहून जास्त काम तिथेच असतं. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच अंदाजाने वापरायची सवय लागू देऊ नकोस, आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच लाव, शंभराव्यांदा करत असलास तरी. मॅन्युअल इंग्रजीत असतात, रोज दोन पानं वाच. सुरुवात जर्मन गाड्यांच्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये कर, तीन-चार वर्षांनी पुढचं दार उघडतं. आणि एक वही ठेव. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला, किती लांब, कुठल्या क्रमाने निघाला ते लिहीत जा. माझ्या पहिल्या वहीवर अजून ग्रीसचे ठसे आहेत आणि मागच्याच महिन्यात मी ती उघडून एका एफ-३५५चं इंजिन उतरवलं.