धोटा, पत्ते आणि आईच्या कांड्या

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवं यंत्र एखाद्या हुशार डोक्यातून निघतं, असं मला वाटतं. आमचे सर म्हणतात, माणूस जसा जगतो तसं त्याचं यंत्र घडतं. खरं काय?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : डोकं लागतंच रे. पण ते कुठं चालवायचं, हे बहुतेक वेळा मजुरीचा हिशेब ठरवतो. मी आपल्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, तीस-बत्तीस वर्षं जॉबरकी केली, म्हणजे माग जुळवायचे नि दुरुस्त करायचे, म्हणून मागाचंच सांगतो.

जुन्या हातमागावर धोटा (आडवं सूत घेऊन जाणारं लाकडी होडकं) एका हातानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. म्हणजे कापडाचा पन्हा किती, तर हात पोचेल तेवढा. इंग्लंडात रुंद लोकरी कापडाला दोन माणसं बसवावी लागत. १७३३ मध्ये जॉन के यानं दोरीच्या झटक्यानं धावणारा धोटा काढला आणि एका माणसाची मजुरी वाचली.

फ्रान्समध्ये लिऑनला रेशमावर नक्षी काढायची तर विणकराच्या जोडीला एक पोरगं दोऱ्या ओढत असे. ते चुकलं की फूल वाकडं. जकार्ड नावाच्या माणसानं १८०४च्या सुमारास त्याच्या जागी भोकं पाडलेले पत्ते आणले. भोक असेल तिथं सुई आत जाते, तिच्या वाट्याचा ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. आपल्या चादरीवरचा मोर याच हिशेबानं उमटतो. (एक पत्ता उलटा ओवला गेला तर दर मोराची मान तुटते. माझ्या हातून तुटलीय, मालकाच्या शिव्याही खाल्ल्यात.) पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानं आपल्या गणकयंत्रासाठी हीच पत्त्यांची युक्ती उचलली, ते तुमच्या पुस्तकात असेल.

आता घरचं. आमच्याकडं दोन माग होते आणि कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, आई भरायची. सायकलच्या चाकाचा रहाट. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या चिमटीत सूत, आणि धाकट्याच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. कांड्या भरायचं मशीन तेव्हाही बाजारात मिळायचं. वडिलांना म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कशाला? ही बसलीय की घरात." आईच्या हाताला मजुरीच नव्हती, मग वाचवायचं काय?

पुढं तिचं मनगट आखडलं. शेजारच्या एका बाईंना शेकड्याच्या दरानं कांड्या भरायला दिल्या. वडिलांनी दोन महिने पैसे मोजले. तिसऱ्या महिन्यात मशीन आलं.