पाइपातलं शेवाळ आणि लाइट गेल्यावरचा पूर

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी आणि काही गोगलगायी आहेत. काच मी नेमाने पुसतो, पण संपमधून (टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतून) पाणी वर आणणारा रिटर्न पाइप, वरचं पाणी संपमध्ये सोडणाऱ्या ओव्हरफ्लोचे दात आणि पंप हिरवेगार झालेत. पंपाची धारही मंदावली आहे. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलंय. टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका टाकू. लेबलवर ‘कॉपर’ लिहिलेलं असेल तर बाटली परतच करा. तांबं मासे थोडंफार सोसतात, कोळंबी आणि गोगलगायी सोसत नाहीत. शिवाय ते खडकात मुरतं आणि मागाहून हळूहळू पाण्यात उतरत राहतं. तांबं नसलेल्या औषधानेही पाइपातलं मेलेलं शेवाळ तिथेच कुजणार, म्हणजे पुढच्या शेवाळाला खत.

तुम्हाला हिरव्या रंगाची काळजी आहे, मला एका भोकाची. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक भोक पाडलेलं असतं. लाइट गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं संपमध्ये उतरू लागतं. पातळी भोकापर्यंत आली की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. भोक शेवाळाने बुजलं असेल तर पाणी पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत उतरत राहतं. तुमच्या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर. पाइपाचं तोंड पाच इंच खोल असेल तर पन्नास लिटरच्या वर पाणी खाली येणार. संपमध्ये तेवढी जागा नसली की ते थेट फरशीवर, आणि पावसाळ्यात ही वेळ बहुधा रात्रीच येते. म्हणून आजच टूथपिक घेऊन ते भोक मोकळं करा. मग पंप मुद्दाम बंद करून संपपाशी उभे राहा आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. दर महिन्याला हे करा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही. त्यात कॅल्शियमचा थर किंवा गोगलगायीचं पिल्लू अडकलं की तो नावालाच राहतो.

ओव्हरफ्लोचे दातही साफ हवेत. ते तुंबले की वरच्या टाकीची पातळी चढते, संपची उतरते आणि पंप हवा ओढून गुरगुरतो. ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारं यंत्र, असेल तर त्याला वाटतं पाणी उडून गेलं, म्हणून तो गोडं पाणी ओततच राहतो आणि टाकीतला खारटपणा घसरतो. त्याचा पातळी ओळखणारा फ्लोटही हाताने हलवून बघत जा.

पंपाची धार मात्र बहुधा हिरव्या शेवाळामुळे मंदावलेली नाही. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चक्र, काढून बघा, जांभळट कडक थर दिसेल. हेही शेवाळच, पण चुनखडीचं कवच करणारं. ते घासून जात नाही, आम्लात विरघळतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, किंवा लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व, तेच ढोकळ्यातलं. पंप बादलीत तासभर त्यातच चालवा, मग उघडून जुन्या टूथब्रशने घासा. सिरॅमिकची दांडी जपा, ती खडूसारखी मोडते. पंप गोड्या पाण्यात खळबळून मगच टाकीत सोडा. आणि व्हिनेगरच्या बादलीत ब्लीच कधीही घालू नका, क्लोरीन वायू निघतो.

शेवाळ परत यायला उजेड लागतो. पारदर्शक नळी काढून काळी घाला, नाहीतर टाकीबाहेरच्या भागाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. संपच्या कपाटाला दार लावा. दिवा आठ तासांवर ठेवा. खाऱ्या पाण्यातून वाफ गोड्याच पाण्याची होते, म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, नळाची नाही. गोठवलेलं खाद्य वितळवल्यावर त्याचं पाणी सिंकमध्ये ओता. शेवाळाला पोसणारी ही दोन खतं मोजत जा: फॉस्फेट लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट 5 ते 10 मिलिग्रॅम पुरे. दोन्ही शून्यावर आणायच्या मागे लागू नका, तशा टाकीत डायनोफ्लॅजलेट्स या सूक्ष्मजीवांची तपकिरी चिकट जाळी माजते. त्यापेक्षा हिरवं शेवाळ परवडलं.

टाकीच्या आतल्या पाइपावर थोडी हिरवळ राहिलीच तर राहू द्या. गोगलगायींनाही काहीतरी खायला हवं.

प्रश्न : यूव्ही (पाणी अतिनील किरणांसमोरून नेणारा दिवा) बसवला तर उपकरणांवरचं शेवाळ जाईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. यूव्हीच्या दिव्यासमोरून जे वाहून जातं तेच मरतं, चिकटून बसलेल्याला धक्काही लागत नाही. पाणीच हिरवं दिसत असेल तर उपयोग आहे. बसवलात तर दिव्यावरची क्वार्ट्झची नळीही व्हिनेगरने पुसावी लागेल, कारण तिच्यावर थर चढला की प्रकाश आतच अडतो. पुसण्याआधी प्लग काढा, पेटलेल्या दिव्याकडे बघायचं नाही.