नोकरी सांभाळून अमेरिकेत 'कासा' स्वयंसेवक होता येतं का? वकिली शिकलेली लागते का?

वकिली लागत नाही. 'कासा' (CASA) म्हणजे छळ किंवा हेळसांडीमुळे कोर्टात केस असलेल्या मुलाला भेटून, त्याची माहिती काढून न्यायाधीशांना अहवाल देणारा, कोर्टाने नेमलेला साधा माणूस. वय २१ पूर्ण हवं, बोटांचे ठसे घेऊन मागचं सगळं तपासतात, साधारण ३० तासांचं प्रशिक्षण होतं आणि मग न्यायाधीशांसमोर शपथ. नोकरीचं नंतर सांगते, कारण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात परक्यांच्या भानगडीत कशाला पडतेस." आमच्या थोरल्या जाऊबाईंनी हेच गणपतीत भर पंगतीत ऐकवलं होतं. वर पुस्ती, "आईपासून लेकरं तोडायची कामं!"

माझी पहिली केस म्हणजे सात वर्षांचा मुलगा (तपशील बदललेत). तिसरं फॉस्टर घर, म्हणजे घरातून काढलेल्या मुलाला तात्पुरतं सांभाळणारं कुटुंब. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, आणि त्या पिशवीची गाठ तो सोडूच देईना. शाळेचा शेरा, लक्ष देत नाही. वर्गात मागे जाऊन बसले, तर हा फळा वाचायला बोटाने डोळ्याचा कोपरा ताणतोय! तीन घरं झाली, डोळे कुणी तपासले नव्हते. अहवालात दोन ओळी लिहिल्या, न्यायाधीशांनी विचारणा केली, पुढच्या तारखेपर्यंत चष्मा आला. सिएटलच्या डेव्हिड सुकप या न्यायाधीशांनी १९७७ मध्ये हे सुरू केलं ते यासाठीच. निकाल द्यायचा, आणि मुलाबद्दल पुरेशी माहितीच हाताशी नाही.

त्याच अहवालात मी मातीही खाल्ली. त्याची आई मुलाला भेटायच्या तीन ठरलेल्या वेळांना आली नव्हती, मी लिहून मोकळी झाले, "आस्था दिसत नाही." नंतर एकदा तिच्या घरापासून बसनेच गेले. दोन बस बदलून पावणेदोन तास. तिची कामाची पाळी सुटायची तीनला, भेट चारला! पुढच्या अहवालात हे घातलं, भेट शनिवारी गेली, ती एकदाही चुकली नाही. २२ पैकी १५ महिने मूल फॉस्टरमध्ये राहिलं की १९९७ च्या कायद्याने पालकांचे हक्क काढायचा अर्ज सहसा होतोच. हा त्याआधी आईकडे परतला. कोर्टाचा पहिला प्रयत्न तोच असतो, जाऊबाईंना काहीही वाटो.

हां, नोकरी. एरवी महिन्याचे काही तास, पण सुनावण्या दिवसा, रजा टाकावी लागते. वर्षभर टिकायची तयारी नसेल तर पडू नका, त्या पोराला सोडून जाणारं आणखी एक माणूस नको. त्याला घरी जेवायला आणता येत नाही. केसबद्दल घरातही बोलायचं नाही, त्यामुळे जाऊबाईंना मी आजवर एवढंच सांगत आले, शनिवारी मला काम आहे.