चोक आत ढकलला की इंजिन बंद

प्रश्न : आमची १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० देवगडला घरी असते. आम्ही मुंबईत, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच ती फिरते. यंदा नवी बॅटरी घातल्यावर सुरू झाली, पण चोक ओढलेला असेपर्यंतच. चोक आत ढकलला की थडथडते आणि बंद पडते. रेस देत राहिलं तर रस्त्यावर बरी पळते. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, स्लो स्पीडचा स्क्रू आवळून दिला. आता नवा कार्बोरेटर घ्या म्हणतो. घ्यावा का? (वाचक, देवगड)

उत्तर : इतक्यात घेऊ नका. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. रेसवर गाडी बरी पळते, म्हणजे टाकी, पंप, मेन जेट (रेस दिल्यावर पेट्रोल सोडणारं भोक) आणि बहुधा स्पार्कही ठीक आहे. बिघाड फक्त स्लो स्पीडचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालतं त्या वेळचा आहे. पाय काढला की थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) चकती जवळजवळ मिटते आणि पेट्रोल एका वेगळ्या, अगदी बारीक वाटेने येतं. ती वाट बंद असेल तर इंजिन उपाशी राहतं. दुसरी शक्यता अशी, की चकतीच्या खालून कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे आणि पेट्रोल त्या मानाने कमी पडतं आहे. दोन्ही बाबतीत चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोल जास्त खेचलं जातं आणि गाडी तग धरते. म्हणून संशयित दोनच. ते तपासल्याशिवाय एकही नवा भाग आणू नका.

आधी सोलेनॉइड बघा. कार्बोरेटरच्या अंगाला वायर जोडलेली, अंगठ्याएवढी छोटी नळकांडी असते तीच ही. चावी फिरवली की ती आतली सुई मागे ओढते आणि स्लो स्पीडची वाट उघडते. चावी बंद केली की सुई पुढे येऊन वाट मिटवते. इंजिन सुरू न करता चावी ऑन ठेवा, वायरची पिन काढून पुन्हा टेकवा. प्रत्येक वेळी स्पष्ट ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. नाही आला तर पिनकडे नीट बघा. समुद्राकाठी उभ्या गाडीत त्या पितळी पिनेवर हिरवा कळंक चढलेला असतो, आणि वरून रबरी टोपी असल्याने तो दिसत नाही. बारीक पॉलिश पेपरने पिन घासा, सॉकेट चिमट्याने किंचित घट्ट करा. मल्टिमीटर असेल तर त्या वायरवर जवळजवळ बॅटरीइतके, १२ च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. ८ किंवा ९ मिळाले तर वाटेत आणखी कुठे तरी जोड खराब आहे. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावलेली वायर थेट सोलेनॉइडला देऊन पाहा. गाडी लगेच स्लो स्पीडला उभी राहिली तर कार्बोरेटर निर्दोष आहे, दोष वायरिंगचा.

आवाज येतो तेवढ्यावर मात्र निश्चिंत होऊ नका. इंजिन थंड असताना सोलेनॉइड खोलून हातात घ्या, बॉडी अर्थ करून १२ व्होल्ट द्या आणि सुई पूर्ण आत जाते का ते डोळ्यांनी पाहा. वर्षभर उभ्या गाडीत पेट्रोलचा पिवळसर चिकट थर सुईला धरतो. ती हलते, पण अर्धीच. अशा वेळी कार्बोरेटर दहादा धुतला तरी फरक पडत नाही, कारण वाटेचं दारच बंद असतं.

सोलेनॉइड ठीक निघाला तर हवेची गळती शोधा. इंजिन कसंबसं चालू ठेवून (शेडची दारं सताड उघडी ठेवा, धूर कोंडला तर जीव जाऊ शकतो) मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या भागाला) जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलक्या दाबा. एखादी दाबल्यावर इंजिन सावरलं तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडे. क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या भागाची) हवा ओढणाऱ्या व्हॉल्व्हची नळी आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी या दोन आधी पाहा. पडवीत किंवा मांगरात उभ्या गाडीत उंदराने खालच्या बाजूने कुरतडलेली नळी वरून धड दिसते, म्हणून बोट फिरवून बघा. तडा टोकालाच असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. टेप गुंडाळून भागत नाही, ती गरमीने सुटते.

मग कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, म्हणजे जोडातून हवा शिरू न देणारी पातळ पट्टी. दाट साबणपाणी ब्रशने बुडाच्या फटीभोवती लावत जा. एखाद्या जागी इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. यासाठी काही जण पेट्रोल शिंपडतात, ते मुळीच करू नका. दोनदा कार्बोरेटर काढून बसवला आहे, म्हणजे जुनं गॅस्केट तसंच दाबून लावलं असण्याची दाट शक्यता आहे. मला सर्वात जास्त संशय इथेच वाटतो. नवं गॅस्केट स्वस्त असतं. नट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळायचे, नाहीतर बूड वाकतं.

यानंतर स्लो जेट, म्हणजे स्लो स्पीडच्या वाटेवरचा बारीक भोकाचा भाग. त्याचं भोक तार घालून साफ करू नका, ते मोठं होतं आणि पुढे मिश्रण कधीच जमत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, अर्धा तास थांबा, मग कॉम्प्रेसरची हवा. उजेडाकडे धरल्यावर भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

शेवटी सेटिंग. स्लो स्पीडचा स्क्रू आवळून गाडी चालवणं म्हणजे चकती उघडी ठेवून पुढच्या भोकांतून पेट्रोल घेणं. दोष तसाच राहतो, वर पेट्रोल जास्त जातं. तो स्क्रू परत सैल करा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करताना किती वळसे होतात ते मोजून लिहून ठेवा, तितकाच परत उघडा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पाव-पाव वळसा फिरवत सर्वात वेगाने आणि गुळगुळीत चालेल तिथे थांबा, मग स्लो स्पीड मिनिटाला ८५० ते ९०० फेऱ्यांवर आणा.

एवढं करूनही इंजिन एका लयीत थडथडत असेल तर एक सिलिंडर मिसिंग मारतो आहे, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. इन्सुलेटेड पकडीने प्लगची एकेक टोपी काढा आणि ती बॉडीला टेकवलेल्या जादा प्लगवर लावा. वायर मोकळी सोडू नका. जी काढल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. रात्री अंधारात वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळणारा स्पार्क निळा दिसतो. स्पार्क बरा असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा: तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. तिघांत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) तपासा. घट्ट टॅपेटमुळे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि त्याची खूण स्लो स्पीडलाच सर्वात आधी दिसते.

प्रश्न : २००६ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कंप्युटरने पेट्रोल सोडणारी) वॅगनआर, जुनी घेतलेली. कशेडी घाटात वाहनांच्या रांगेत एसी चालू ठेवून क्लच दाबला की बंद पडते. चेक लाइट लागत नाही. (वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी लाइट आहे का ते पाहा! चावी ऑन केल्यावर तो पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुन्या गाडीत कधी कधी बल्बच काढून टाकलेला असतो.

बंद पडण्याची रीत महत्त्वाची. इंजिनाचे फेरे खाली येत, थरथरत बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लो स्पीडची हवा सांभाळणारा) बहुधा काजळीने भरले आहेत. एसीचा भार आला की कंप्युटर तो व्हॉल्व्ह उघडून हवा वाढवतो. काजळीमुळे तो उशिरा हलतो आणि तोवर इंजिन गेलेलं असतं. थ्रॉटल बॉडीच्या क्लीनरने, कापडाने पुसून साफ करा. नंतर काही वेळ स्लो स्पीड चढा राहील. एसी, दिवे बंद ठेवून दहा मिनिटं चालू द्या. फरक नाही पडला तर कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर काढून कळंक पाहा आणि रेझिस्टन्स मोजा. २० अंशाला साधारण २ ते ३ हजार ओहम, ८० अंशाला ३०० च्या आसपास.

आणि चावी फिरवल्यासारखी एकदम, न थरथरता बंद पडत असेल, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर काजळीमागे लागू नका. क्रँक किंवा कॅम सेन्सर (इंजिन कसं फिरतं आहे ते कंप्युटरला कळवणारे), इग्निशन कॉइल, पंपाचा रिले या क्रमाने, गाडी बंद पडलेली असतानाच, गरम इंजिनावर तपासा.

प्रश्न : जुनी कार्बोरेटरवाली गाडी पावसाचे चार महिने मालवणात उभी असते. आता पेट्रोल ई-२०. काय करावं? (वाचक, मालवण)

उत्तर : ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि इंजिनला आधी तेच मिळतं. म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहील. कार्बोरेटर मात्र कोरडा करा: पंपाकडे येणारी पेट्रोलची नळी काढून तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. गणपतीला आल्यावर सुरू करण्याआधी टाकीच्या तळचं अर्धा लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करणं भाग आहे.

२०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या नसतात. बोटाने दाबल्यावर फुगीर किंवा चिकट लागली तर इथेनॉल चालणारी नळी घाला, क्लिपही नवी. शिवाय इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्लो स्पीड किंचित थरथरत असेल तर मिश्रणाचा स्क्रू पाव वळसा उघडून बघा.